मचूळ पाणी, खारा वारा आणि रोजची दाढी : ब्रश अन् सेफ्टी रेझर वापरायची रीत

अर्नाळा (ता. वसई) : पहाटेची एसटी धरून विरार गाठायचं, तिथून लोकल पकडायची आणि वेळेत अंधेरी-चर्चगेटला हजर व्हायचं, ही अर्नाळ्यातल्या कित्येक पोरांची रोजची धावपळ. त्यात काम हॉटेलातलं, सिक्युरिटीचं किंवा विमानतळावरचं असेल तर दाढी रोज गुळगुळीत हवी. मग मोरीत उभ्या उभ्या तोंडाला आंघोळीचा साबण फासायचा, प्लास्टिकचा वापरून फेकायचा रेझर वरून खाली, खालून वर चार वेळा ओढायचा आणि सुटायचं. दुपारपर्यंत मानेवर लाल पुरळ येतो. घाम लागला की आग होते. चार दिवसांनी त्याच जागी पुळ्या पिकतात. पोरगा म्हणतो, माझी कातडीच नाजूक.

कातडीचा दोष क्वचित असतो. बहुतेक वेळा रीत चुकलेली असते आणि ती चुकते याचं कारण ती कुणी शिकवलेलीच नसते. आधीच्या पिढीकडे निदान कोनाड्यात आरसा, गोल डबीतला साबण, ब्रश आणि लोखंडी दांड्याचा सेफ्टी रेझर असं ‘दाढीचं सामान’ असायचं. पोरगं बापाला बघून शिकायचं. मधल्या काळात फेसाचे डबे आले, तीन-तीन, पाच-पाच पात्यांचे रेझर आले आणि ते सामान माळ्यावर गेलं. आता खर्चाचा हिशेब करून काही जण ते परत खाली काढताहेत. काढावं, पण वापरायचं कसं हे समजून घेऊन. नाहीतर पहिल्याच दिवशी हनुवटी कापते आणि रेझर पुन्हा माळ्यावर जातो.

हा रेझर आला कुठून

पूर्वी दाढी म्हणजे न्हाव्याची धोकटी आणि वस्तरा. वस्तऱ्याला रोज धार लावावी लागते, चामड्याच्या पट्ट्यावर घासावी लागते आणि तो स्वतःच्या गळ्यावर चालवायला हात तयार लागतो. अमेरिकेतल्या किंग कॅम्प जिलेट या विक्रेत्याने पातळ पत्र्याचं, दोन्ही बाजूंनी धारेचं, बोथट झालं की टाकून द्यायचं पातं बाजारात आणलं. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याचे फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपले. पुढच्याच वर्षी रेझरची विक्री ९० हजारांवर गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले आणि ती माणसं घरी परतली तेव्हा स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊनच परतली.

आपल्याकडे हे पातं टोपाझ, सेव्हन ओ’क्लॉक, विल्किन्सन, सुपरमॅक्स अशा नावांनी घरोघरी पोचलं. यातलं सुपरमॅक्स तर ठाण्यात बनायचं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, त्याआधी अर्नाळाही ठाणे जिल्ह्यातच होतं. म्हणजे हे पातं इथल्या लोकांना तसं जिल्ह्यातलंच.

एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी. जिलेट कंपनीने भारतासाठी नवा रेझर काढायचा ठरवला, तेव्हा आधी त्याची चाचणी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली. सगळ्यांना तो आवडला. तोच रेझर भारतात आणला तर लोक वैतागले, कारण केस पात्यांत अडकून बसायचे. अमेरिकेत नळ सोडून रेझर धुतात. इथे माणूस जमिनीवर बसून, पेलाभर पाण्यात दाढी करतो, हे कंपनीच्या लक्षातच आलं नव्हतं. मग त्यांनी एकाच पात्याचा, सहज धुतला जाणारा ‘गार्ड’ रेझर बनवला आणि २०१० मध्ये १५ रुपयांना विकायला काढला. ज्याच्याकडे पाणी थोडं त्याला एकच पातं सोयीचं, हे एवढ्या मोठ्या कंपनीला इथे येऊन शिकावं लागलं. जुना सेफ्टी रेझरही एकाच पात्याचा. पेल्यात दोनदा हलवला की साफ.

आधी पाण्याचं बघा

किनारपट्टीतल्या बऱ्याच विहिरी आणि बोअरचं पाणी उन्हाळा चढला की मचूळ होतं. अशा पाण्यात साबणाला फेस धरत नाही हे धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. पाण्यातले क्षार साबणाशी मिसळतात आणि फेसाच्या जागी पांढरट चिकट साका होतो. दाढीच्या बाबतीत नेमकं हेच घडतं. फेस धरत नाही म्हणून माणूस कोरड्या गालावर रेझर ओढतो आणि नाव ब्लेडला ठेवतो.

यावर उपाय सोपा आहे. दाढीला पाणी लागतं पेलाभर. तेवढ्यापुरतं नळाचं किंवा प्यायचं गोडं पाणी घ्यावं. पावसाळ्यात पागोळीचं पाणी धरून ठेवलेलं असेल तर त्यासारखं दुसरं पाणी नाही, त्यात फेस बघता बघता वर येतो. पाणी उकळल्याने काही प्रकारचा जडपणा खाली बसतो, पण मीठ जात नाही. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, खारटपणा तसाच राहतो. मचूळ पाण्यावाचून इलाजच नसेल तर साबण जास्त आणि पाणी कमी घ्यायचं. अशा वेळी साबणाच्या वडीपेक्षा ट्यूबमधलं क्रीम बरं पडतं.

दाढी करावी आंघोळीनंतर. आधीच करायची असेल तर गरम पाण्यात बुडवलेला पंचा दोन-तीन मिनिटं तोंडावर धरावा. दाढीचा केस कोरडा असताना ताठ आणि चिवट असतो. पाणी प्याला की फुगतो, मऊ होतो आणि कापायला कितीतरी कमी जोर लागतो. चार दिवस समुद्रावर राहून आलेल्या खलाशाने तर हे विसरूच नये. त्याच्या गालावर मिठाचा थर असतो आणि वाऱ्याने कातडी फुटलेली असते. आधी गोड्या पाण्याने तोंड धुवून ते मीठ काढायचं, मग पंचा, मग बाकीचं.

ब्रशचं काम काय

ब्रश म्हणजे जुन्या लोकांची हौस, असं वाटतं. पण ब्रश तीन कामं करतो. केसाच्या मुळापर्यंत पाणी आणि साबण पोचवतो, झोपलेले केस उभे करतो आणि वरची मेलेली कातडी घासून काढतो. बोटाने चोपडलेलं क्रीम केसांच्या वरच बसतं.

ब्रश नायलॉनचा असो की डुकराच्या केसांचा, चालतो. केसांचा असेल तर दोन मिनिटं कोमट पाण्यात भिजू द्यावा. मग दोनदा झटकायचा. निथळता नको आणि कोरडाही नको. साबणाच्या वडीवर वीस-तीस सेकंद गोल फिरवायचा. क्रीम असेल तर चण्याच्या दाण्याएवढं पुरतं. मग गालावर गोल गोल, केसांच्या विरुद्धही फिरवायचा आणि मध्येमध्ये ब्रशचं टोक पाण्याला लावायचं. घाई इथेच नडते. मिनिटभर तरी फेटायला हवं.

फेस झाला हे ओळखायचं कसं? त्यात मोठे बुडबुडे दिसत असतील तर पाणी जास्त झालं, आणखी साबण घ्यावा. ब्रश ओढताना अडकत असेल आणि फेस पिठासारखा कोरडा दिसत असेल तर दोन थेंब पाणी हवं. नीट झालेला फेस फेटलेल्या दह्यासारखा दिसतो, चकाकतो आणि गालावरून ओघळत नाही. आंघोळीच्या साबणाचा फेस भरपूर येतो खरा, पण दोन मिनिटांत विरतो. दाढीचा साबण वेगळा बनवलेला असतो. त्याचा फेस बारीक, दाट असतो आणि टिकतो. पैसे वाचवायचे तर ब्लेडमध्ये वाचतात, साबणात वाचवू नयेत.

पातं बसवताना आणि ओढताना

तीन भागांचा रेझर असतो : वरची टोपी, मधली जाळी आणि दांडा. पातं नेहमी आखूड बाजूंनी, म्हणजे जिथे धार नाही तिथे धरायचं. टोपीच्या खुंट्यांत बसवून दांडा आवळायचा आणि समोर धरून बघायचं, दोन्ही बाजूंना धार सारखीच बाहेर आली आहे का. एका बाजूला जास्त आली असेल तर ती बाजू कापणार. दांडा सैल करून परत बसवावं. काही रेझर बुडाशी फिरवला की दार उघडल्यासारखे उघडतात, त्यात ही कटकट कमी असते.

आता मुख्य गोष्ट, कोन आणि जोर. प्लास्टिकच्या रेझरचं डोकं हलतं, त्यामुळे कसाही ओढला तरी तो कातडीला लागून राहतो. सेफ्टी रेझरचं डोकं पक्कं असतं. कोन आपल्याला धरावा लागतो. त्याची खूण अशी : रेझरची टोपी गालावर सपाट टेकवायची, दांडा गालापासून आडवा बाहेर आलेला असतो. आता दांडा हळूहळू खाली आणायचा. जिथे धार केसाला लागल्याचं जाणवेल आणि बारीक खरखर ऐकू येईल तिथे थांबायचं. पातं आणि कातडी यांत साधारण ३० अंशांचा कोन होतो. दांडा त्याहून खाली गेला तर पातं कातडी खरवडतं. फार वर राहिला तर नुसती टोपी घसरते आणि केस तसेच राहतात.

जोर लावायचाच नाही. हेच सगळ्यात अवघड जातं, कारण प्लास्टिकच्या हलक्या रेझरने दाबायची सवय लावलेली असते. लोखंडी रेझरला स्वतःचं वजन आहे. दांडा शेवटाकडे दोन बोटं आणि अंगठ्यात धरला की दाबता येतच नाही. एका वेळी इंचभरच ओढायचा आणि थांबायचं. दोन ओढीनंतर पेल्यात हलवायचा. पातं बदलेपर्यंत दोन्ही बाजू आलटून पालटून वापरायच्या. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची, कारण सैल कातडीची पातं घडी करतं आणि तीच कापते.

पहिल्या आठवड्यात फक्त गाल करावेत आणि मान-हनुवटी जुन्या रेझरने उरकावी, असं केलं तर रक्त निघत नाही. हातही बसतो. पहिली दाढी रविवारी करावी, पहाटेच्या गाडीच्या घाईत मुळीच नाही.

केसांचा कल ओळखा

कोळीवाड्यात मासा साफ करताना खवले शेपटीकडून डोक्याकडे खरवडतात, म्हणजे उलटे, तेव्हाच ते निघतात. दाढीत बरेच जण पहिला हात असाच उलटा मारतात. खवल्याचं ठीक आहे, मेल्या माशाला पुरळ येत नाही. जिवंत कातडीवर लांब केस उलट्या दिशेने कापला की तो ओढला जातो, कातडीच्या पातळीखाली तुटतो आणि वाढताना बाहेर न येता आतच वळतो. मानेवरच्या त्या दुखऱ्या पुळ्या बहुधा याच्या असतात. ज्यांची दाढी कुरळी त्यांना त्रास जास्त.

कल ओळखायला दोन दिवस दाढी करू नये. मग बोटं सगळ्या दिशांनी फिरवावीत. ज्या दिशेला मऊ लागतं तो सुलट, जिथे खरखरीत लागतं तो उलट. गालावर कल बहुतेकांचा वरून खाली असतो. मानेचं मात्र सांगता येत नाही. कुणाचा खालून वर, कुणाचा आडवा, काहींच्या कंठाजवळ चक्क भोवरा असतो. हा नकाशा एकदा डोक्यात बसला की अर्धं काम झालं.

पहिला हात सुलट. त्याने सगळे केस जाणार नाहीत आणि जायलाही नकोत. पुन्हा ब्रश फिरवून फेस लावायचा आणि दुसरा हात आडवा मारायचा. नोकरीला जाण्याइतकी दाढी इथे होते. तिसरा, उलटा हात लग्नाकार्याला, तोही ज्याच्या कातडीला सोसतो त्याने. फेस नसलेल्या जागी ‘एकदाच’ म्हणून रेझर फिरवणं, कापण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

ओठांवर नाकाखाली जागा करायला वरचा ओठ दातांवर ताणावा. कंठमण्यावर सरळ रेझर चालवू नये, कातडी बोटाने बाजूला सरकवून सपाट जागी आणावी आणि मग ओढावा. हनुवटीला तोंड मिटून, खालचा ओठ आत घेऊन आखूड आखूड ओढी.

नंतर काय लावायचं

गार पाण्याने तोंड धुवावं. मग तुरटीचा खडा ओला करून हलक्या हाताने फिरवावा. तुरटीने कातडी आवळली जाते आणि बारीक रक्त थांबतं. तुरटी एक सांगूनही जाते : जिथे जास्त झोंबली तिथे जोर जास्त झाला किंवा कोन चुकला. अर्ध्या मिनिटाने धुवून टाकावी, नाहीतर कातडी कोरडी पडते. वर खोबरेल तेलाचे दोन थेंब किंवा दारातल्या कोरफडीचा गर पुरतो. भरपूर स्पिरिट असलेलं वासाचं आफ्टरशेव्ह सोललेल्या कातडीवर ओतून ‘सूं’ करण्यात मर्दानगी असेल, फायदा दिसत नाही.

पुळ्या आठवड्यापेक्षा जास्त राहिल्या, पसरल्या किंवा ताप आला तर डॉक्टरला दाखवावं. मधुमेह असलेल्यांनी आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी कापून घ्यायचा धोका पत्करूच नये, त्यांना ट्रिमर बरा. मासळी हाताळणाऱ्यांनी चेहऱ्यावरचा ताजा काप उघडा ठेवून, माखल्या हाताने पुसू नये.

पातं किती दिवस

केस मऊ, ब्लेड पोलादी, तरी ब्लेड बोथट का होतं? अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. केस पोलादापेक्षा ५० पट मऊ असूनही वाकलेला केस धारेच्या कमकुवत जागी आडवा-तिरका लागला की तिथून धातूचा बारीक टवका उडतो. म्हणजे धार झिजते त्याहून जास्त ती टवके उडून जाते. केस पाण्याने नीट मऊ केले तर पात्याला कापायला जोर कमी लागतो, तेव्हा भिजवण्यातली दोन मिनिटं इथेही वाया जात नाहीत.

साधारण पाच ते सात दाढ्या एका पात्यावर होतात, राठ दाढीवर तीन-चारच. पातं ओढायला लागलं, केस उपटल्यासारखं वाटलं की त्याच दिवशी बदलावं. दोन रुपये-पाच रुपयांच्या पात्यासाठी तोंड सोलून घेऊ नये.

समुद्राकाठी दुसरं संकट गंजाचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टेनलेस स्टीलची पाती बाजारात आली, त्याआधीची साध्या पोलादाची पाती रातोरात गंजायची. स्टेनलेसही पूर्ण सुटलेलं नाही, खाऱ्या हवेत आणि मचूळ पाण्यात त्यावरही डाग धरतात. काम झालं की रेझर गोड्या पाण्यात हलवावा, दांडा थोडा सैल करून आतलं पाणी काढावं, झटकून मोरीबाहेर कोरड्या जागी उभा ठेवावा. पात्याची धार कपड्याने पुसू नये, धारही जाते आणि बोटही. ब्रश धुवून, झटकून, केस खाली करून टांगावा. ओला ब्रश डबीत कोंबला तर त्याला बुरशी धरते.

एका घरात एकच रेझर?

बऱ्याच घरांत बाप, दोघे भाऊ आणि सुट्टीला आलेला मेहुणा एकाच रेझरवर उरकतात. याला काटकसर म्हणता येत नाही. हिपॅटायटिस बी म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ. तिचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. डोळ्याला रक्त दिसलंच पाहिजे असं नाही, बारीक ओरखडा पुरतो. हिपॅटायटिस सी ची भीतीही अशीच. दांडा उकळत्या पाण्यात बुडवून एकवेळ वाटून घेता येईल, पातं आणि तुरटीचा खडा मात्र ज्याचा त्याचा.

सलूनमध्ये आता बहुतेक ठिकाणी प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्ध ब्लेड लावतात. पाकिटातून पातं आपल्यासमोर काढलं का, हे बघावं, आणि नसेल काढलं तर ‘दादा, नवीन लावा’ म्हणायला लाजू नये. चांगला कारागीर रागावत नाही. पण तुरटीकडे कुणाचंच लक्ष नसतं. सकाळपासून तोच खडा, तीसेक माणसांच्या ओरखड्यांवरून फिरलेला. आपला खडा खिशात न्यावा किंवा तुरटी नको म्हणून सांगावं, गार पाणी पुरे.

राहिलं वापरलेलं पातं. ते कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं की कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो, उकिरड्यावर टाकलं की गुराच्या तोंडी लागतं. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर तर बायका अनवाणी मासळी वाळत घालतात, सुरूच्या बनात सहलीची पोरं खेळतात. झाकणाचा पत्र्याचा डबा घ्यावा, झाकणाला विळ्याच्या टोकाने पात्याएवढी चीर पाडावी आणि जुनी पाती त्यातून आत सोडावीत. मध्यम डब्यात एका माणसाची काही वर्षांची पाती मावतात. डबा भरला की चीर ठोकून बंद करायची, वर ‘ब्लेड’ असं ठळक लिहायचं आणि कचरा गाडीवाल्याच्या हातात सांगून द्यायचा.